मुलींच्या बास्केटबॉलला जागा ठरवताना

खेळातल्या माणसानं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे जिद्द, घाम आणि पदकं यांवर लिहायचं, अशी एक समजूत आहे. माझ्याकडे यातलं फारसं काही नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होते. पदाचं नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात शिट्टी, हजेरीपट आणि चुन्याची पोती. त्यातली शेवटची नऊ वर्षं मी एका समितीवर होते. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा कोणत्या कॉलेजात भरवायच्या, ते ही समिती जागा पाहून ठरवायची. सामने कसे झाले यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते तिथेच का झाले, यावर कोणी लिहीत नाही, कारण ते सांगण्यासारखं नसतं. मी आता निवृत्त आहे, म्हणून सांगते.

दरवर्षी जुलैत सगळ्या कॉलेजांच्या क्रीडा संचालकांची बैठक व्हायची आणि वर्षभराच्या स्पर्धा वाटल्या जायच्या. कुस्तीचं नाव निघालं की चाळीस हात वर. फुटबॉल तर विचारूच नका. आमच्या गावात फुटबॉलसाठी भावकी मोडते. कबड्डी, खो-खो, क्रॉसकंट्री सगळं पटापट जायचं. शेवटी अध्यक्ष यादीवरून बोट फिरवत म्हणायचे, ‘महिला बास्केटबॉल कोण घेतंय?’ आणि भल्याभल्या पैलवानगड्यांना एकदम बाहेरचा चहा आठवायचा. जो उठायला उशीर करील त्याच्या गळ्यात ती स्पर्धा पडायची. बरीच वर्षं ती माझ्याच गळ्यात पडली, कारण माझे गुडघे दुखायचे.

मग कॉलेजांचं मूल्यांकन सुरू झालं. बाहेरून माणसं येतात, कागद बघतात आणि कॉलेजला श्रेणी देतात. त्या कागदांत ‘महिलांसाठीचे उपक्रम’ असा एक रकाना असतो. तो भरायला सगळ्यात सोपी आणि फोटोत सगळ्यात चांगली दिसणारी गोष्ट म्हणजे मुलींची स्पर्धा, हा शोध कोणा चतुर प्राचार्याला लागला आणि रातोरात महिला बास्केटबॉलला भाव आला. ज्यांच्या कॉलेजात मुलींना चेंडू हातात मिळत नव्हता, तेही यजमानपद मागू लागले. मागणारे वाढले म्हणून पाहणी समिती आली. समितीत तीन माणसं. अध्यक्ष चौगुले सर, एका मोठ्या संस्थेच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. दुसरे एक सर, ज्यांचं मत चौगुले सरांचं असेल तेच असायचं, म्हणून त्यांचं नाव सांगून जागा अडवत नाही. आणि तिसरी मी, कारण स्पर्धा मुलींची.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांना थोडक्यात सांगते. मैदान अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. लोखंडी कडं म्हणजे रिंग जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटीमीटरवर. मैदानाच्या रेघेबाहेर चारी बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा. ही मोकळी जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण मुलगी जीव खाऊन धावत रिंगकडे जाते, उडी मारते आणि रेघेपलीकडे जाऊन पडते. तिथे खांब, पायरी, कुंडी, काहीही असलं की गुडघा गेला. याशिवाय कपडे बदलायची खोली, कडी असलेलं स्वच्छतागृह, बाहेरगावच्या मुलींच्या झोपायची सोय. एवढंच बघायचं असतं. टेप, डोळे आणि थोडी लाज असलेला माणूस हे काम तासाभरात करतो.

आम्हाला तो तास कधी मिळाला नाही. गेटवर तुतारी, मग फेटे, मग संस्थापकांच्या पुतळ्याला हार. मग वाचनालय. मग संगणक कक्ष. मग मागच्या वर्षी कोणा पाहुण्यानं लावलेलं आंब्याचं रोप. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये काजू-बदाम आणि तिथून थेट तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण. मैदान कुठे आहे असं विचारलं की प्राचार्य खिडकीतून हात दाखवायचे. ‘ते काय, तिकडं मागं. जेवून घ्या की आधी, पळून जातंय व्हय ते?’ जेवण झाल्यावर ऊन असायचं. चौगुले सर सुपारी कातरत अहवालावर सही करायचे आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. मी टेप घेऊन उठले की ते दुसऱ्या सरांना म्हणायचे, ‘मॅडमना पचायला चालावं लागतंय.’

अशा वेळी काय काय बघितलं ते काय सांगू. इचलकरंजीकडच्या एका कॉलेजात सगळं झकास होतं. रेघा सरळ, रिंगमागची पाटी नवी. पण रिंगकडे बघितलं की कुठंतरी खटकत होतं. टेप लावली तर अर्धा फूट कमी. संस्थेचे विश्वस्त यंत्रमागवाले होते, जाडजूड, हसतमुख गृहस्थ. ते अभिमानानं म्हणाले, ‘मुद्दाम खाली घेतलंय मॅडम. पोरीच खेळणार न्हवं? तेवढंच त्यास्नी सोपं.’

मी विचारलं, ‘तुमच्या शेडात बायका कामाला आहेत?’

‘हायत की. कांड्या भरायला.’

‘मग त्यांनी भरलेल्या कांड्यांचं कापड तुम्ही अर्धा फूट कमी पन्ह्याचं काढता?’

ते इतके हसले, की त्यांना खोकला लागला. तिथल्या तिथे वेल्डर बोलावून त्यांनी रिंग वर चढवली आणि मी मोजून होईपर्यंत स्वतः उन्हात उभे राहिले. नऊ वर्षांत ऐकून सुधारलेला माणूस मला तेवढा एकच भेटला आणि त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या एका कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाला दारंच नव्हती. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, दारं नाहीत. प्राचार्य म्हणाले, ‘काढून ठेवलीत मॅडम. पोरं त्याच्यावर काय काय लिहीत हुती.’ म्हणजे लिहिणारे राहिले वर्गात आणि दारं गेली अडगळीत. दुखण्याला सोडून चटका दुसरीकडेच. हे कॉलेज चौगुले सरांच्या ओळखीतलं होतं, त्यामुळे अहवालात ‘सोयी समाधानकारक’ असं आधीच लिहून झालं होतं. मी सही केली नाही. वेगळ्या कागदावर एक ओळ लिहून जोडली: ‘मुलींच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे ठिकाण योग्य वाटत नाही.’

त्या ओळीनं कमाल केली. तिच्याविरुद्ध बोलायला बैठकीत एकाचीही जीभ रेटली नाही. दारांचं काय, असं कोणी विचारलं नाही. सुरक्षितता म्हटल्यावर सगळे माना डोलवायला लागले. स्पर्धा दुसरीकडे गेली. मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर फार खूश होते. चौगुले सरांनी मात्र तो कागद दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवला होता. मी ते बघितलं आणि मनावर घेतलं नाही.

आता चंदगडचं सांगते, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

आमच्याकडे एक नियम होता. आदल्या वर्षी जिंकलेलं कॉलेज यजमानपदाला पात्र असेल, तर पहिला हक्क त्याचा. नियम चांगला आहे. ज्या मुलींनी जिंकलं, त्यांना एकदा आपल्या माणसांसमोर खेळायला मिळावं. हा नियम करताना कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, की जिंकणारं कॉलेज चंदगड तालुक्यातलं निघेल. कोल्हापूरच्या माणसाला चंदगड म्हणजे गोव्याला जाताना लागणारा पाऊस. पण तिथे गावडे मॅडम नावाची एक बाई क्रीडा संचालक म्हणून लागली होती आणि तिनं चार वर्षांत भाताच्या शेतातून, काजूच्या बागांतून मुली गोळा करून एक संघ उभा केला होता. उंची कोणाचीच फारशी नाही, पण दमायचं नावच नाही. कोल्हापूरच्या पोरी पाणी मागायच्या, तेव्हा या पोरी नुकत्या तापलेल्या असायच्या. त्या जिंकल्या आणि पुढच्या वर्षीसाठी गावडे मॅडमचा अर्ज वेळेत, सगळ्या कागदांसह आला.

चौगुले सर म्हणाले, ‘आपण कशाला जायचं तिकडं? बाहेर धो धो पाऊस, मैदान चिखलात. कागदावरच नकार देऊ.’ मी म्हणाले, ‘नियमात पाहणी आहे.’ ते म्हणाले, ‘मग तुम्ही या जाऊन. गाडी मिळणार न्हाय मात्र.’ मी एसटीनं गेले.

तुतारी नव्हती, फेटा नव्हता. गावडे मॅडम छत्री घेऊन स्टँडवर उभी होती. ती मला कॉलेजात न नेता सरळ एका काजू कारखान्यात घेऊन गेली. मालकानं मागच्या बाजूला नवीन शेड बांधली होती; यंत्रं दिवाळीनंतर यायची होती, तोवर ती रिकामी. वर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, मध्ये एकही खांब नाही, खाली गुळगुळीत नाही आणि खडबडीतही नाही अशी कोरडी फरशी. गावातल्या गेट-ग्रिलवाल्यानं रिंगचे दोन खांब वेल्डिंग करून दिले होते. खांब पुढे झुकू नयेत म्हणून मागे वजन लागतं. तिथे काजूबियांची पोती रचली होती. मी टेप काढली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, रिंग बरोबर. मोकळी जागा दोन मीटरला दोन बोटं जास्त. बाहेर छपरावर पाऊस असा कोसळत होता की एकमेकींचं ऐकू येत नव्हतं आणि आत जमिनीला ओल नाही. कोल्हापुरातल्या अर्ध्या कॉलेजांनी शिकायला यावं अशी ती जागा होती. राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात, दाराला कडी, कडीला कुलूप.

मी मोजत असताना कारखान्यातल्या बायका काजू सोलायचं काम थांबवून दारात येऊन उभ्या राहिल्या. हातांना सालीच्या चिकाचे काळे डाग. त्यातली एक पुढे आली. संघाची कप्तान रेश्मा, तिची आई. यल्लूबाई.

‘अक्का, हितंच हुणार न्हवं खेळ?’

‘बघू,’ मी म्हणाले. पाहणी करणाऱ्यानं हेच म्हणायचं असतं.

‘न्हाय, माझी पोर तीन वरसं खेळत्या. मी एकदा सुदिक बघितली न्हाय. तिकडं कोल्लापुरात खेळत्यात, रोजाचं काम सोडून कसं जायाचं? हितं झालं तर मालक दोन तास सुट्टी देतो म्हणालाय. सगळ्याजणी बघणार हाय आमी.’

रेश्मा तिच्या मागे उभी होती. म्हणाली, ‘अव्वा, मॅडमना काम करू दे.’ मग मलाच हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, यंदा माझं शेवटचं वरीस. मे महिन्यात लग्न हाय. त्या घरात खेळू देणार न्हाईत. अव्वानं एकदा बघायला पायजे हुतं, बाकी काय न्हाय.’

येताना एसटीत बसून मी अहवाल लिहिला. दोन पानी. नऊ वर्षांतला माझा सगळ्यात चांगला अहवाल. शेवटी लिहिलं, ‘हे ठिकाण सर्वार्थाने योग्य असून यजमानपद देण्याची शिफारस करते.’

चौगुले सरांनी तो अहवाल त्यांच्या केबिनमध्ये उभ्यानंच वाचला. त्यांच्या संस्थेनं कसबा बावड्याकडे नवं कॉलेज काढलं होतं आणि त्या वर्षी तिथे मूल्यांकन होतं. स्पर्धा तिकडे न्यायची हे त्यांच्या संस्थाचालक साहेबांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. सर रागावले नाहीत. ते रागवत नसत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि टेबलावर एक फाइल ठेवली. ती माझ्या कॉलेजच्या इनडोअर हॉलची होती. अकरा वर्षं मी ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर ढकलत होते. माझ्या मुली उन्हात फुटक्या काँक्रीटवर खेळत होत्या. त्या फाइलवर आता एकच शिफारस बाकी होती आणि ती पाहणी समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे चौगुले सरांची होती.

‘ही पुढच्या आठवड्यात पुढं जाईल,’ ते म्हणाले. ‘तुमच्या पोरींचं कल्याण हुईल. आता चंदगडचं. लांब पडतंय. घाटात पाऊस. आणि मॅडम, कारखान्याची शेड म्हणजे पुरुष कामगारांची ये-जा.’

‘तिथे सगळ्या बायका आहेत.’

‘असतील. पण तुमचं ते एक वाक्य हाय बघा. सुरक्षिततेचं. ते घालू की. तुम्ही लिवलेलं कोण खोडत न्हाय. मी लिवलं तर राजकारण दिसतंय.’

तो माझाच कागद त्यांनी जपून ठेवला होता. दारं नसलेल्या चौकटींसाठी लिहिलेलं वाक्य कडी-कुलूप असलेल्या वसतिगृहावर टाकायला मला सांगितलं जात होतं. मी चहा प्यायले. मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडला. काही झालं नसतं. दोन विरुद्ध एक अशा मतानं स्पर्धा तरीही बावड्याला गेली असती. पण गावडे मॅडमला निदान भांडायला एक कागद मिळाला असता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणून मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. हे हरीच्या बाजूनं म्हटलेलं आहे; त्यात गाढव कोण, ते मला आता नीट कळतं. मी नवीन पान घेतलं, ते वाक्य लिहिलं आणि सही केली. दोन पानी अहवाल पर्समध्ये घालून घरी आणला.

हॉल झाला. तेही सांगायला हवं. त्यात वर्षातले बरेच दिवस परीक्षा असतात, उरलेल्यात संस्थेचे सत्कार. मधल्या फटीत मुली खेळतात.

बावड्याच्या स्पर्धेचं वर्णन करताना मला हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो. गेटपासून मैदानापर्यंत कमानी, कमानींवर पंचवीस चेहरे, त्यात खेळणारी एकही मुलगी नाही. ड्रोन उडत होता. मैदान उघड्यावरचं, काँक्रीटचं. ज्या पावसाच्या भीतीनं चंदगड नाकारलं, तो पाऊस इथे पहिल्याच दिवशी आला आणि तीन सामने पोत्यांनी काँक्रीट पुसत खेळवले. चंदगडच्या मुलींनी तक्रार केली नाही. त्या जिंकत गेल्या आणि शेवटच्या दिवशी, रविवारी, यजमान कॉलेजविरुद्ध अंतिम सामन्याला उभ्या राहिल्या.

सामना सकाळी अकराचा होता. मी दहाला पोचले तर एका रिंगच्या मागे भलंमोठं व्यासपीठ. रात्रीतून उभं राहिलेलं. सोफे, गालिचा, फुलांच्या माळा. त्याची पायरी मैदानाच्या रेघेपासून वीतभर. मी आयोजकांना म्हणाले, हे हलवा, मुली याच्यावर आपटतील. ते ‘व्हय व्हय’ म्हणाले आणि गेले. अर्ध्या तासानं मी परत आले तर व्यासपीठ जागच्या जागी आणि रेघ आत घेतलेली. खरोखर. जुनी रेघ पुसून चुन्यानं नवीन रेघ दोन मीटर आत मारली होती. आता मोकळी जागा नियमाप्रमाणे होती आणि रिंग मैदानाबाहेर. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी आयुष्यभर ऐकली. अंगण हातानं वाकडं करणारे त्या दिवशी बघितले.

‘साहेब भाषण करून गेलं की स्टेज काढू,’ चौगुले सर म्हणाले. ‘तोवर मॅच थांबवू.’

साहेब अकराला येणार होते. साडेतीनला आले. तोवर दोन्ही संघांच्या मुली शामियान्यात बसून होत्या. जेवल्या तर धावता येणार नाही म्हणून जेवल्या नाहीत. आणि मागच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, इरकली लुगडं नेसलेली यल्लूबाई बसली होती. पहाटेच्या पहिल्या गाडीनं एकटी आली होती. पाहणीच्या दिवशी शेडच्या दारात दहा-बाराजणी होत्या, त्यातली एवढी एकच येऊ शकली. मला बघून हसली. मी लांबूनच मान हलवली आणि काम असल्यासारखं दाखवून दुसरीकडे गेले.

साहेबांना पाचला दुसरीकडे जायचं होतं. म्हणून चौगुले सरांनी तोडगा काढला, की बक्षीस समारंभ आधी उरकून घ्यायचा. वरातीमागून घोडं मी ऐकलं होतं. लग्नाआधी बारसं तिथे बघितलं. विजेता ठरायचा होता म्हणून चषक कोणाला द्यायचा हा प्रश्न आला. ‘नुसतं फोटोपुरतं’ म्हणून यजमान संघाच्या कप्तानला वर बोलावलं. साहेबांनी तिच्या हातात चषक दिला, टाळ्या झाल्या, फटाके वाजले, ड्रोन वर गेला. रेश्माच्या हातात एक गुलाब दिला. ती पोर तो गुलाब कुठे ठेवायचा ते न कळून तसाच धरून उभी राहिली. मग स्त्रीशक्तीवर पाऊण तास भाषण.

साहेब गेले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. मी व्यासपीठ काढल्याशिवाय आणि रेघ पूर्वीच्या जागी आल्याशिवाय सामना सुरू होऊ देणार नाही म्हणून अडून बसले. माझं बरोबरच होतं. पण मांडववाल्याची माणसं जेवायला गेली होती आणि आता आणखी तासभर जाणार हे दिसत होतं. तेवढ्यात यल्लूबाई पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

‘निघते अक्का. साडेपाचची यष्टी हाय. ती चुकली की चंदगडातनं गावची गाडी गावत न्हाय.’ मग म्हणाली, ‘हरल्या व्हय आमच्या पोरी?’

मला आधी कळेचना.

‘न्हाय, कप त्या दुसरीला दिला. आमच्या रेश्मीला फूल दिलं.’

‘अजून खेळ झालाच नाही,’ मी म्हणाले. ‘आता होईल. तासाभरानं.’

‘मग सकाळपासनं ह्ये काय चाललं हुतं?’

मी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली. तिनं रेश्माकडे लांबून हात केला. रेश्मा उठली, दोन पावलं आली, मग गावडे मॅडमनी संघाला सरावाला बोलावलं तशी तिकडे वळली.

तो सामना मी बघितला नाही; मी परत मैदानावर गेलेच नाही. चंदगडच्या पोरी चार गुणांनी जिंकल्या असं गावडे मॅडमनी मला फोनवर सांगितलं. रेश्मानं शेवटच्या मिनिटाला रिंगखाली उडी मारली आणि जिथे व्यासपीठ होतं, तिथे जाऊन पडली. लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एका पेपरात यजमान संघाचा चषकासह फोटो आला, खाली ‘विजेता संघ’ असं छापून.

सामना सुरू व्हायच्या आधीच मी माझ्या स्कूटरवर यल्लूबाईला मागे बसवून स्टँडला सोडायला निघाले होते. बावड्यात रिक्षा मिळेपर्यंत तिची गाडी निघून गेली असती. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं. स्कूटरवर बसायची तिला सवय नव्हती. एका हातानं तिनं माझा खांदा धरला होता. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या शेडात किती बेस हुतं. मालकानं दिवाळीपतोर मोकळी ठेवलीती. आमी सारवल्यासारखी झाडून काढली हुती.’

सिग्नल सुटला तशी मी स्कूटर पुढे काढली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली घेऊन दिली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी मी खिडकीखाली उभी होते. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि खाली वाकून विचारलं,

‘अक्का, कुठं खेळायचं ह्ये कोण ठरवतंय?’

‘समिती ठरवते,’ मी म्हणाले.

‘त्यात कोण बाईमाणूस नसती व्हय?’

गाडी हलली.

‘नसते,’ मी म्हणाले.